युद्ध आणि टपालाचीं तिकिटें

चित्रकारास रणभूमीवर धाडलें म्हणजे तो तोफा, धूर व घायाळ माणसें चितारून आणील, अशी आपली जुनी समजूत. इंग्लंडच्या इंपीरिअल वॉर म्यूझियमनें स्टीव्ह मॅक्क्वीन यांस २००३ सालीं इराकांत पाठविलें; परंतु बसऱ्यास लष्कराच्या पहाऱ्यांत मोजके दिवस काढून मनाजोगें चित्रण कांहीं त्यांस करितां आलें नाहीं. २००७ सालीं त्यांनीं लोकांपुढें मांडलें तें एक लांकडी कपाट! त्याचा खण ओढावा, तों एकाच मृत सैनिकाचा चेहरा तिकिटांच्या अख्ख्या तावावर पुनःपुन्हा उमटलेला, आणि प्रत्येक तिकिटाच्या कोपऱ्यांत राणीची मुद्रा. छायाचित्रें दिलीं तीं मृतांच्या आप्तांनीं. हीं तिकिटें खरोखरच टपालांत यावीं, वीजबिलासारख्या रुक्ष लखोट्यावरहि तो चेहरा घरांत शिरावा, हा कर्त्याचा आग्रह. टपालखात्यानें तो मानला नाहीं. जिच्या नांवें मरण आलें त्या मुद्रेशेजारीं मरणाऱ्यास बसविणें, ही कल्पना आम्हांस कोणत्याहि रणचित्राहून धीट वाटते. एक गोष्ट मात्र खटकते. कपाटांतील सारे चेहरे ब्रिटिश सैनिकांचे आहेत. राष्ट्राच्या तिकिटावर परके कसे येणार, असें कोणी म्हणेल, आणि तें खोटें नाहीं. परंतु ज्यांच्या गल्ल्यांतून हें युद्ध झालें, त्या इराकी मृतांस एकहि खण नाहीं.