शिकवल्याचा खर्च आणि सोडून गेल्याचा दंड

मंडळी, विषय कायद्याचा वाटेल, पण आम्ही वकील नाही. आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, तेव्हा त्याच बाजूनं आज एका निकालाची चिकित्सा करणार आहोत. प्रश्न असा. नोकरीला लागलेल्या मुलाला कंपनीनं काही महिने शिकवलं आणि वर्षाच्या आत त्यानं राजीनामा दिला. शिकवण्याचा खर्च कंपनीनं त्याच्याकडून वसूल करावा का?

अमडापुरात हा प्रश्न आता परका नाही. चिखली-खामगावला शिकून पुण्याला नोकरीला लागलेल्या पोरांच्या नेमणूकपत्राला ‘बॉण्ड’ नावाचा कागद जोडलेला असतो आणि त्यावर जामीनदार म्हणून पुष्कळदा बापाची सही असते. बाप सही करतो, कारण नोकरी हातची जाऊ नये.

या कागदाचा एक जुना भाऊ आपल्या शिवारात आहे, तो म्हणजे उचल. सालदार पाडव्याला साल ठरवतो, आधी उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत बांधला जातो. कर्जापोटी माणूस बांधून ठेवणं १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं बंद केलं, अशी कर्जंच रद्द ठरवली. बॉण्ड म्हणजे वेठबिगारी असं आम्ही म्हणत नाही, ते म्हणणं उथळ होईल. पण एक फरक ध्यानात घ्या. उचल रोख असते, मोजता येते, परत करता येते. शिकवलेलं परत कसं करणार? ते डोक्यातून काढून टेबलावर ठेवता येत नाही. म्हणून त्याच्या बदल्यात एक आकडा लिहिला जातो, आणि तो आकडा एकटा मालक लिहितो. आमचा आक्षेप इथून सुरू होतो.

आता महाराष्ट्रातला जुना खटला बघू. कल्याणजवळच्या सेंच्युरी कंपनीत टायरचा धागा तयार व्हायचा. त्याचं तंत्र हॉलंड आणि जर्मनीच्या कंपन्यांकडून, गुप्तता पाळण्याच्या अटीवर आणलेलं. १९६३ मध्ये कंपनीनं एका शिफ्ट सुपरवायझरला पाच वर्षांच्या करारावर घेतलं आणि मार्च ते डिसेंबर शिकवलं. १९६४ च्या ऑक्टोबरात त्यानं नोकरी सोडली आणि जास्त पगारावर कोट्याच्या प्रतिस्पर्धी कंपनीत गेला. करारात लिहिलं होतं की मधेच सोडल्यास सहा महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई द्यायची, प्रशिक्षणाचा खर्च द्यायचा, आणि उरलेल्या मुदतीत तशा धंद्यात कुठं कामही करायचं नाही. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुदत संपेपर्यंतची मनाई कायम केली. कायद्याच्या पुस्तकांत हा गोळीकरी खटला म्हणून शिकवतात.

कंपनीची बाजू खोटी नव्हती. पैसे मोजून आणलेलं गुपित दुसऱ्याच्या कारखान्यात जात होतं, ते राखण्याचा तिला अधिकार होताच. पण गुपित राखणं वेगळं आणि माणसाचा हात अडवणं वेगळं. आम्हाला इथं द्रोणाचार्य आठवतात. त्यांनी एकलव्याला शिकवलं नव्हतं, तरी दक्षिणा म्हणून अंगठा मागितला, म्हणजे विद्या ज्यानं चालते तेच मागितलं. खर्च परत मागणारा मालक निदान पैसे मागतो. ‘हे काम दुसरीकडं करू नकोस’ म्हणणारा अंगठा मागतो.

आणि आता ज्याच्यासाठी आज उभे आहोत तो निकाल. १४ मे २०२५, विजया बँकेचा खटला. अट होती की तीन वर्षांच्या आत सोडल्यास २ लाख रुपये. अधिकारी २८ सप्टेंबर २००७ ला रुजू झाला, जुलै २००९ मध्ये राजीनामा दिला, निषेध नोंदवून पैसे भरले आणि दुसऱ्या बँकेत गेला. कर्नाटक उच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं कौल दिला, सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं. ही अट नोकरीच्या मुदतीतली आहे, पुढच्या रोजगारावर बंदी नाही. सरकारी बँकेला खाजगी मालकासारखी कुणाचीही नेमणूक करता येत नाही, जाहिरात, स्पर्धा, सगळी खर्चिक प्रक्रिया पुन्हा करावी लागते. आणि पद वरचं, पगार भरपूर, त्यामुळं २ लाखांनी राजीनामा अशक्य होत नाही.

पहिला आणि तिसरा मुद्दा आम्हाला पटतो. दुसरा तपासू. बघा, तीन वर्षं आणि एक दिवस झाल्यावर तो गेला असता, तर जाहिरात द्यावी लागली नसती का? लागलीच असती. म्हणजे भरतीचा खर्च लवकर जाण्यानं जन्माला येत नाही, फक्त अलीकडं सरकतो. मग नुकसान त्या अलीकडं सरकण्याइतकंच. राजीनाम्याच्या वेळी त्याची छत्तीसपैकी बावीस महिने सेवा होत आली होती. उरलेल्या चौदा महिन्यांच्या प्रमाणात हिशेब केला तर ७८ हजारांच्या आसपास येतो. घेतले २ लाख. तिसऱ्या महिन्यात जाणारा २ लाख देणार आणि पस्तिसाव्या महिन्यात जाणाराही २ लाखच. जी रक्कम काळाबरोबर कमी होत नाही तिला खर्च म्हणता येत नाही. ती दंड आहे, नाव फक्त भरपाईचं. करार कायद्याचं कलम ७४ तर लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा मानतं आणि तिच्या आत वाजवी तेवढंच द्या म्हणतं. ‘वाजवी’ ठरवायला हिशेब लागतो. निकालात आम्हाला तो हिशेब सापडत नाही.

आमची खरी काळजी त्या अधिकाऱ्याची नाही, त्यानं पैसे भरले आणि त्याचं चाललं. काळजी आहे ती हा निकाल पुढं कुठं कुठं दाखवला जाईल याची. खाजगी कंपनीला ना खुली जाहिरात बंधनकारक, ना तिचा ट्रेनी वरच्या पदावर. निकाल ज्यावर उभा आहे त्यातलं तिथं काहीच नाही. तरी नोटिशीत त्याचं नाव घातलं की बाप घाबरतो आणि प्रकरण कोर्टापर्यंत जातच नाही. नोटीस तिथंच जिंकते.

अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ च्या पुस्तकात एक मुद्दा मांडला होता. जे कौशल्य कुठल्याही कंपनीत चालतं, त्याचा खर्च शिकणारा बहुधा शिकतानाच कमी पगार घेऊन फेडत असतो. आमच्या मते बॉण्डच्या चर्चेत हा मुद्दा यायलाच हवा. ट्रेनी म्हणून पगार अर्धा द्यायचा आणि जाताना शिकवल्याचे पैसेही मागायचे, ही एकाच मालाची दोनदा विक्री झाली. एखाद्याला खास परदेशी पाठवलं, फी भरली, पावती आहे आणि तो महिन्याभरात गेला, तर पावतीपुरतं मागणं आम्ही न्याय्यच मानू. पण जुन्या माणसाच्या शेजारी बसवून काम शिकवलं याची पावती कुठली?

गंमत म्हणजे याची चांगली रीत आपल्याच कायद्यात आहे. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात उमेदवाराच्या चुकीनं करार मोडला तर प्रशिक्षणाचा खर्च परत द्यावा लागतो, पण किती, ते मालक ठरवत नाही. सरकारी अप्रेंटिसशिप सल्लागार ठरवतो. आणि चूक मालकाची असेल तर भरपाई मालकानं द्यायची. आयटीआयच्या पोराला मिळालेलं हे संरक्षण बॉण्डवर सही करणाऱ्या इंजिनिअरला नाही, नर्सला नाही. ते का नाही, हे आम्हाला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

तेव्हा सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारा. हा आकडा कशाकशाचा मिळून झाला, आणि दर महिन्याला तो किती कमी होतो. उत्तर बहुधा येणार नाही. पण विचारल्याचा मेल जपून ठेवा, मूळ गुणपत्रिका कुणाच्या ताब्यात देऊ नका, आणि बापाला सही करायला लावण्याआधी तो कागद त्याला मराठीत वाचून दाखवा. आता प्रश्न घेऊ.