सापेपेतील ‘आपण’ आणि ‘मी’ : अल्बर्ट वेन्ट यांच्या कादंबरीतील खेडे

पॅसिफिक बेटांवरील खेड्यांविषयीचे आपले वाचन बहुधा मार्गारेट मीड यांच्या सामोआवरील 1928 च्या ग्रंथापासून सुरू होते आणि पुष्कळदा तेथेच थांबते. ते खेडे पाहुण्याने पाहिलेले आहे. अपिया येथे 1939 मध्ये जन्मलेल्या अल्बर्ट वेन्ट यांची ‘लीव्हज ऑफ द बॅनियन ट्री’ (1979) ही इंग्रजी कादंबरी सामोअन खेडे आतून दाखवते. आणि ते मुळीच रम्य नाही.

सापेपे या काल्पनिक गावात जमीन ‘आइंगा’ची, म्हणजे विस्तारित कुटुंबाची असते, कुटुंबाने निवडलेला ‘मताई’ तिचा केवळ विश्वस्त. (आजही सामोआतील सुमारे 80 टक्के जमीन प्रथागत मालकीची आहे.) ताउइलोपेपे हा मताई रान तोडून मळा उभारतो. श्रम कुटुंबाचे, वैभव मात्र त्याचे. पहिल्या भागाचे ‘देव, पैसा आणि यश’ हे शीर्षक पाहून वसाहतवादाने निष्पाप गाव बिघडवले, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. प्रस्तुत लेखिकेला तो अपुरा वाटतो. ताउइलोपेपे प्रथा मोडत नाही, ती वापरतो. मताईची आज्ञा पाळण्याची गावाची सवय नसती, तर मळा उभाच राहिला नसता.

येथे एक भाषिक बाब लक्षणीय ठरते. मराठीतील ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांप्रमाणे सामोअन भाषेतही ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘तातोउ’ व त्याला वगळणारे ‘मातोउ’ अशी वेगळी सर्वनामे आहेत. इंग्रजीतील ‘वी’ हा भेद झाकून टाकते. मराठी अनुवादकाला मात्र निवड करावीच लागेल : ताउइलोपेपे ‘आमचा मळा’ म्हणेल की ‘आपला’? माझ्या मते तो ‘आपला’च म्हणेल, त्याची सारी सत्ता त्या एका सर्वनामावर उभी आहे.

म्हणूनच मधला भाग कादंबरीचा प्राण वाटतो. पहिला व तिसरा भाग तृतीयपुरुषी आहेत. मधला भाग ताउइलोपेपेचा मुलगा पेपे ‘मी’ म्हणून सांगतो. क्षयाने मरणासन्न असलेला पेपे रुग्णालयात, गावापासून दूर, व्याकरण न जुमानणाऱ्या इंग्रजीत लिहितो. (त्या इंग्रजीला सदोष म्हणणे म्हणजे तिची सामोअन लय न ऐकणे होय.) सापेपेत राहून हा ‘मी’ उच्चारता आला नसता. तिसरा भाग त्यामानाने सैल आहे, डावपेच लांबतात. अखेरीस मळा गालुपोच्या हाती जातो. आइंगाकडे तो परतत नाही.