वसईचे आद्य ख्रिस्ती : एका लोकप्रिय मताची चिकित्सा

कामण परिसरातील आमच्या धम्मवर्गांत एक विधान वारंवार कानी येते : वसईच्या पश्चिम पट्ट्यातील ख्रिस्ती हे मूळचे बौद्धच होत, ब्राह्मणी छळास कंटाळून त्यांनी येशूचा आश्रय घेतला. विधान ऐकावयास गोड आहे. पुरावा म्हणून भुईगावचे नाव घेतले जाते. सोपाऱ्याच्या परिसरातील या गावी अशोकाच्या नवव्या शिलाशासनाचा तुकडा 1956 साली, म्हणजे आमच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, मिळाला; आणि आज तेथे ख्रिस्ती वस्ती मोठी आहे. परंतु जमिनीतून निघालेला दगड त्या जमिनीवर राहणाऱ्यांचे कुळ सांगत नाही. मधल्या अठरा शतकांत तेथे कोण आले, कोण गेले, हे स्वतंत्रपणे दाखवावे लागेल.

सोपारा हे बौद्धांचे थोर स्थान होते, यात शंका नाही. सुनापरांताच्या पुण्ण भिक्खूंची कथा याच भूमीशी जोडली जाते. 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी तेथील स्तूप उघडला. कान्हेरीत नवव्या शतकापर्यंत दानलेख कोरले जात होते. पुढे 1009 व 1021 या सालांचे पारशी प्रवाशांचे पहलवी लेख मिळतात, पण दानाचा ओघ तोवर आटलेला दिसतो. डिसेंबर 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांस दिली. त्यानंतर अंतोनियो दो पोर्तो हा फ्रान्सिस्कन कान्हेरीस पोहोचला, तेव्हा लेण्यांत भिक्खुसंघ नव्हता, जोगी होते. त्यांतील दोघांस ख्रिस्ती करून पावलो रापोझो व फ्रान्सिस्को दे सांता मारिया ही नावे दिल्याचे पोर्तुगीज वृत्तांत सांगतात. बौद्ध चैत्याचे चर्च झाले हे खरे. पण ज्यांनी बाप्तिस्मा घेतला ते बौद्ध नव्हते.

मग आद्य ख्रिस्ती कोण? उत्तर शेजारच्या वाड्यांतच आहे. सामवेदी ब्राह्मण आजही वसईत हिंदू म्हणून नांदतात, आणि त्यांच्याच भाईबंदांतून ख्रिस्ती झालेला कुपारी समाजही नांदतो. दोघांच्या बोलीचे मूळ एकच. वाडवळांत हिंदू आहेत, ख्रिस्तीही आहेत, कोळ्यांतही तसेच. म्हणजे बागायतदार, शेतकरी, दर्यावर्दी अशा थरांतून हा समाज घडला. त्याखेरीज दुसराही एक प्रवाह होता. 1559 साली पोर्तुगालच्या राजाने गोव्याच्या कारभारासाठी काढलेल्या हुकुमाने पोरक्या मुलांस ख्रिस्ती संगोपनात देण्याची वाट मोकळी केली. राजसत्तेचा दाब नव्हता असे म्हणणे हा इतिहासावर अन्याय होईल. आणि संत गोन्सालो गार्सिया? पिता पोर्तुगीज, माता येथील. जन्म वसईचा, मृत्यू 1597 साली नागासाकीस क्रुसावर. जातीच्या कोणत्याच रकान्यात तो बसत नाही.

तथापि ‘पावासाठी बाटलेले’ ही जी शिवी या समाजास दिली गेली, तिलाही आमचा तितकाच विरोध आहे. 1956 नंतर आमच्याविषयी काय काय बोलले गेले, ते आम्ही विसरलेलो नाही. दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या विद्वानाने रोमन साम्राज्यातील ख्रिस्त्यांस चांभार, धोबी व लोकर पिंजणारे म्हणून हिणवले होते. प्रत्यक्षात त्या आरंभीच्या मंडळींत जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लिदिया होती, ओनेसिम हा गुलामही होता. वेन मीक्स यांनी 1983 च्या आपल्या ग्रंथात हा मिश्र समाज उलगडून दाखविला आहे. भगवंताच्या संघातही वाराणसीच्या श्रेष्ठीचा पुत्र यश होता आणि झाडूवाला सुनीतही होता. धर्मांतर करणाऱ्याची गरिबी ही त्याच्या निर्णयाची खोट ठरत नाही.

आमच्या मते खरा प्रश्न निराळा आहे. आत आल्यावर त्या माणसाच्या जातीचे काय झाले? शाक्य कुमारांनी उपाली न्हाव्यास आपल्या आधी प्रव्रज्या देवविली, ती त्याला स्वतः वंदन करावे लागावे म्हणून. बाबासाहेबांच्या लेखनाच्या पाचव्या खंडात भारतीय ख्रिस्त्यांविषयीचे प्रकरण आहे. धर्म बदलला पण जात सुटली नाही, हा त्यांचा आक्षेप तेथे स्पष्ट आहे. वसईत कुपारी, वाडवळ, कोळी ही नावे बाप्तिस्म्यानंतरही शतकानुशतके टिकली, हे त्या आक्षेपास पुष्टी देते.

ख्रिस्त्यांस ‘आमचे हरवलेले बौद्ध’ म्हणण्याची घाई करणाऱ्या आमच्या तरुणांनी हा खंड आधी वाचावा, आणि मग आपल्या वधू-वर मेळाव्यांच्या नोंदवहीत पोटजातीचा रकाना अजून का आहे, तेही आम्हांस सांगावे.