खुनाच्या बाजारातला साक्षीदार

खुनाची हकीकत आपण सारेच चवीने पाहतो. ती आपल्यापर्यंत कोण आणतो आणि त्यात कोणाचा धंदा होतो, हे मात्र विचारीत नाही. निक ब्रूमफिल्ड या ब्रिटिश माहितीपटकाराचे काम आम्हांला महत्त्वाचे वाटते ते याच प्रश्नामुळे.

१९४८ मध्ये लंडनला जन्मलेल्या ब्रूमफिल्ड यांनी १९७१ साली लिव्हरपूलच्या पाडल्या जाणाऱ्या कामगार वस्तीवर पहिला लघुपट केला. पुढे कानांवर हेडफोन आणि हातात माइक घेऊन ते स्वतःच पडद्यावर वावरू लागले. तोंडावर बंद झालेली दारे आणि मुलाखतीसाठी झालेली घासाघीस त्यांनी कापून टाकली नाही.

१९९२ चा आयलीन वुर्नोसवरील माहितीपट याचा नमुना आहे. फ्लोरिडात पुरुषांचे खून केल्याबद्दल देहदंड झालेली ही बाई. तिचा वकील आणि तिला दत्तक घेणारी स्त्री मुलाखतीचे पैसे मागतात, आणि ब्रूमफिल्ड कॅमेऱ्यासमोर ते मोजतात. मग तेही याच बाजारातले गिऱ्हाईक नव्हेत काय? आमच्या मते आहेत. पण ते लपवीत नाहीत. पुढे याच चित्रफितीमुळे त्यांना न्यायालयात साक्षीला उभे राहावे लागले. ९ ऑक्टोबर २००२ रोजी वुर्नोसला मृत्युदंड दिला गेला. तिची अखेरची मुलाखत ब्रूमफिल्ड यांनीच घेतली. २००३ च्या दुसऱ्या माहितीपटात तिची ढळलेली मनःस्थिती पाहताना गुन्ह्यापेक्षा शिक्षाच अधिक अस्वस्थ करते.

सर्वत्र हे जमले असे नाही. गायक कर्ट कोबेनच्या मृत्यूवरील १९९८ च्या माहितीपटात संशय पुराव्याच्या पुढे धावतो. तिथे दिग्दर्शकाचा पडद्यावरील वावरही आम्हांला खटकतो.

२०१४ चा लॉस एंजेलिसवरील माहितीपट मात्र पुन्हा मुळाशी जातो. तेथील कृष्णवर्णीय वस्तीत १९८५ पासून स्त्रियांचे खून होत होते. आरोपी पकडला गेला २०१० मध्ये. पोलिसांनी ज्यांना कधी विचारलेच नाही, अशा बायकांना ब्रूमफिल्ड बोलते करतात. मरणारी गरीब, काळी आणि बदनाम असली की तपास किती मंदावतो, हे त्यातून उघडे पडते.

हाच प्रश्न त्यांनी इराकपर्यंत नेला होता. १९ नोव्हेंबर २००५ रोजी हदीसा येथे अमेरिकी सैनिकांनी २४ इराकींना ठार केले. त्यावरील २००७ चा कथापट त्यांनी जॉर्डनमध्ये चित्रित केला. माजी सैनिक आणि इराकी निर्वासित यांनाच भूमिका दिल्या. मरणारे घर आणि मारणारा पोरसवदा सैनिक, दोघांचीही भीती त्यात दिसते. त्या हत्यांबद्दल अखेर एकाही सैनिकाला तुरुंगवास झाला नाही.

ब्रूमफिल्ड कोणाला न्याय मिळवून देऊ शकले नाहीत. पण कोणाच्या मरणाची चौकशी होते आणि कोणाच्या नाही, याची साक्ष त्यांनी नोंदवून ठेवली. त्यांचे दोष मोजूनही आम्ही ती मोलाची मानतो.