शालेय इतिहासांतील ज्यूसंहार व ‘आर्य’ शब्द

घटना खऱ्या सांगावयाच्या, परंतु त्या सांगतांना शब्द मात्र अपराध्यांच्या तोंडचे वापरावयाचे, असा एक दोष शालेय इतिहासपुस्तकांत वारंवार आढळतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं नाझी जर्मनीनें व तिच्या साह्यकर्त्यांनीं सुमारें 60 लक्ष ज्यूंची हत्या केली. त्या भीषण प्रकरणाच्या पाठांत हा दोष विशेष घातक ठरतो. कारण त्या हत्येची पूर्वतयारी पुष्कळ अंशीं शब्दांनींच झाली होती. या दृष्टीनें राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेनें 2006 सालीं नववीच्या वर्गाकरितां प्रसिद्ध केलेल्या इतिहासाच्या पुस्तकांतील ‘नाझीवाद आणि हिटलरचा उदय’ हें प्रकरण आम्हीं परीक्षणास घेतलें आहे. या देशांतील लक्षावधि मुलांस ज्यूसंहाराची पहिली माहिती या प्रकरणांतूनच मिळाली. तेव्हां त्याची छाननी एखाद्या संशोधनग्रंथाइतक्याच काटेकोरपणें होणें अवश्य आहे.

प्रथम गुण सांगणें न्याय्य होय. गुजरात राज्याच्या दहावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकांत नाझी राजवटीच्या ‘अंतर्गत कामगिरी’ची वाखाणणी आढळली, म्हणून 2004 सालीं वृत्तपत्रांतून बराच गवगवा झाला होता. त्याच्याशीं तुलना करतां परिषदेचें प्रकरण फारच वरच्या पायरीवरचें आहे. हिटलर हा कोणी आकाशांतून पडलेला राक्षस नव्हे, तर पराभव, चलनाचा नाश व बेकारी यांच्या कर्दमांतून मतें मिळवीत वर आलेला पुढारी होय, हें तें दाखवितें. शाळांतून मुलांच्या मनांत विष कसें कालविलें गेलें, शेजारीपाजारी कसे मुकाट्यानें पाहत राहिले, याचीहि हकीकत त्यांत आहे. ज्यूद्वेषाचें मूळ ख्रिस्ती धर्माच्या जुन्या आकसांत आहे, एवढेंहि तें थोडक्यांत सांगतें. शालेय पुस्तकाकडून याहून अधिक अपेक्षा सहसा कोणी करीत नाहीं.

परंतु समासांत जी नव्या शब्दांची चौकट दिली आहे, तेथें आम्ही थबकलों. ‘नॉर्डिक जर्मन आर्य’ या शब्दांचा अर्थ तेथें दिला आहे तो असा कीं, आर्य म्हणून वर्गीकृत लोकांची ती एक शाखा असून ते उत्तर युरोपांत राहत व त्यांचें मूळ जर्मन किंवा तत्संबंधी होतें. हें वर्गीकरण कोणीं केलें, कोणत्या आधारावर केलें, व तें खरें कीं खोटें, याविषयीं त्या ठिकाणीं अक्षर नाहीं. विद्यार्थी चौकट पाठ करतो आणि पाठ केलेलें सत्य मानतो, हा अध्यापनाचा नित्याचा अनुभव होय. मुख्य मजकुरांत वंशवादाचा धिक्कार, आणि चौकटींत त्याच वंशवादाची परिभाषा जशीच्या तशी उभी, असा हा प्रकार झाला आहे.

आमच्या देशांत हा दोष दुप्पट होतो. बर्लिन किंवा लंडन येथील मुलास ‘आर्य’ हा परका शब्द वाटतो. येथील मुलास तो घरचा वाटतो. तो शब्द हिटलरच्या तोंडीं ऐकून मुलांस क्वचित् धन्यताहि वाटते, हें वर्गांत उभें राहिलेल्या कोणाहि शिक्षकास ठाऊक आहे. हिटलरच्या आत्मचरित्राचीं भाषांतरें आपल्याकडे पुस्तकविक्रेत्यांच्या फळीवर उघड मांडलेलीं असतात, त्याला ही समजूतहि थोडीबहुत कारण असावी, असें आम्हांस वाटतें.

वस्तुतः संस्कृत वाङ्मयांत ‘आर्य’ शब्दाचा कवटीच्या मापाशीं कांहीं संबंध नाहीं. नाटकांत पत्नी पतीस ‘आर्यपुत्र’ म्हणते. बौद्धांचीं सत्यें तीं ‘आर्यसत्यें’. स्मृतींत ‘आर्यावर्त’ हें प्रदेशाचें नांव. ऋग्वेदांत आर्य व दास किंवा दस्यु यांचा विरोध येतो, हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु दस्यूंस लावलेलीं विशेषणें पाहिलीं तर अव्रत, अयज्यु, मृध्रवाच् अशीं, म्हणजे व्रत, यज्ञ व वाणी यांविषयींचींच पुष्कळशीं आढळतात. पांचव्या मंडलांत एकदांच आलेल्या ‘अनास्’ या विशेषणाचा सायणाचार्यांनीं ‘आस्यरहित’, अर्थात् वाणीहीन, असा अर्थ केला. मॅक्समुल्लर यांनीं पदच्छेद बदलून ‘नाक नसलेला’ असा केला. एका पदच्छेदावर चपट्या नाकाचा सबंध वंश उभारला गेला, आणि पुढें आमच्याच मराठी शालेय पुस्तकांतून उंच, गोऱ्या, नाकेल्या आर्यांचें वर्णन आम्हीं पाठ केलें. गंमत अशी कीं, त्याच मॅक्समुल्लर यांनीं 1888 सालीं आपल्या ग्रंथांत बजावून सांगितलें, कीं आर्य ही भाषेची संज्ञा आहे. तीवरून रक्त, केस किंवा कवटी ठरविणें हा निव्वळ गोंधळ होय. तोंपर्यंत त्यांच्याच पूर्वीच्या सैल लेखनानें व्हावयाचें तें नुकसान बरेंचसें झालें होतें.

आतां या शब्दाचा राज्यकारभारांत उपयोग कसा झाला तें पाहावें. 7 एप्रिल 1933 च्या जर्मन कायद्यानें ‘आर्येतर’ कुळांतील नोकर सरकारी सेवेंतून काढावे असें ठरविलें, आणि चारच दिवसांनीं निघालेल्या नियमानें एक आजा वा एक आजी आर्येतर असली तरी पुरे, असें जाहीर झालें. सप्टेंबर 1935 च्या न्युरेंबर्ग कायद्यांत मात्र ‘आर्य’ शब्द नाहीं. त्याऐवजीं ‘जर्मन अथवा तत्सजातीय रक्त’ अशी शब्दयोजना आहे. आमच्या पुस्तकाच्या चौकटींतील ‘जर्मन किंवा तत्संबंधी मूळ’ ही व्याख्या या शब्दयोजनेची किती जवळची बहीण आहे, हें वाचकांनींच ठरवावें. संपादकांनीं ती जाणूनबुजून घेतली असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. अपराध्याचा शब्दकोश असा नकळतच अंगवळणीं पडतो. आणि हें रक्त ओळखलें कशानें? नोव्हेंबर 1935 च्या पुरवणी नियमानुसार ज्याचे तीन किंवा चार आजेआज्या ज्यू धर्मसमाजांत नोंदलेले, तो ज्यू. म्हणजे रक्ताच्या शास्त्राचा एवढा डांगोरा पिटूनहि अखेर दप्तरांतील धर्माची नोंदच काढून पाहावी लागली. हा एकच कागद विद्यार्थ्यांपुढें ठेवला असतां वंशवादाचें पितळ जितकें उघडें पडेल, तितकें दहा पानांच्या निषेधानें पडणार नाहीं.

भाषेच्या दृष्टीनें पाहिल्यास विपर्यास अधिकच विलक्षण दिसतो. मारल्या गेलेल्या ज्यूंपैकीं फार मोठ्या संख्येची मातृभाषा यिद्दिश होती, आणि यिद्दिश ही जर्मनिक कुळांतील, म्हणजे ज्यास त्या काळचे पंडित आर्य भाषाकुल म्हणत त्याच कुळांतील भाषा होय. रोमा व सिंती लोकांची भाषा तर प्रत्यक्ष आमच्या प्राकृतांची नात आहे. तिच्यांत माणसास ‘मानुश’, पाण्यास ‘पानि’ व कानास ‘कान’च म्हणतात. या लोकांचें मूळ हिंदुस्थानांत असल्याचें पुस्तक सांगतें, पण त्यावरून निघणारें अनुमान काढीत नाहीं. 2 ऑगस्ट 1944 च्या रात्रीं आउश्वित्झ येथील त्यांच्या छावणींतील चार हजारांहून अधिक स्त्री, पुरुष व मुलें विषारी वायूनें मारण्यांत आलीं. संस्कृतोद्भव भाषा बोलणारांची ही हत्या आर्यत्वाच्या नांवानें झाली! आणि आपल्या कोंकणांतील बेने इस्रायल? ज्यांस गांवोगांव ‘शनवार तेली’ म्हणत, ज्यांच्यासाठीं वल्हांडण सणाची पोथी मराठी भाषांतरासह 1874 सालीं पुण्यांत छापली गेली, त्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंस कोणत्या कोष्टकांत बसवावें? मराठी शाळेंत हा प्रश्न विचारण्यास शिक्षकास दूर जावें लागत नाहीं.

‘अँटिसेमिटिझम’ या शब्दाची कथा अशीच आहे. ‘सेमिटिक’ ही संज्ञा 1781 सालीं श्ल्योत्सर या जर्मन पंडितानें हिब्रू, अरबी इत्यादि भाषांच्या कुळास दिली. पुढें जवळजवळ शंभर वर्षांनीं, 1879 सालीं, विल्हेल्म मार नांवाच्या पत्रकारानें ज्यूद्वेष्ट्यांची संघटना काढतांना हा शब्द उचलला. जुन्या धार्मिक द्वेषास शास्त्राचा अंगरखा चढवावा, हाच त्यांत हेतु होता. ‘सेमिटिकविरोध’ असें त्याचें शब्दशः भाषांतर जे मराठी लेखक करतात, ते नकळत मारचेंच काम करतात. कारण त्या द्वेषाचा रोख अरबांवर नव्हता, ज्यूंवर होता. ‘ज्यूद्वेष’ हा सरळ शब्द आम्हांस सर्वथा योग्य वाटतो. ज्यूसंहाराच्या स्मृतीसंबंधीं कार्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळानेंहि 2015 सालीं इंग्रजी शब्द मधल्या रेघेशिवाय लिहावा अशी शिफारस केली आहे, ती याच कारणास्तव.

हा केवळ शब्दपंडितांचा खल आहे असें कोणी म्हणेल, तर त्यानें इंग्लंडकडे पाहावें. तेथें हा विषय 1991 पासून शाळांत सक्तीचा केला गेला. असें असतां लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनें 11 ते 18 वर्षांच्या सुमारें 8,000 विद्यार्थ्यांची पाहणी करून 2016 सालीं जो वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यांत निम्म्याहून पुष्कळ अधिक विद्यार्थ्यांस या शब्दाचा अर्थच सांगतां आला नाहीं. 1933 सालीं जर्मनींतील ज्यूंची संख्या लोकसंख्येच्या शेंकडा एकाहूनहि कमी होती. विद्यार्थी ती अनेक पटींनीं फुगवून सांगत. म्हणजे ज्यूंच्या भरमसाट संख्येचें नाझींनीं उभें केलेलें बुजगावणें नाझींचा धिक्कार करणाऱ्या वर्गांतहि शाबूत राहिलें. प्रेतांचे ढीग दाखविले, परंतु द्वेष कसा घडविला तें दाखविलें नाहीं, तर याहून निराळें काय होणार?

दुसरी उणीव अशी कीं, आमच्या या प्रकरणाचा प्रारंभ 1945 सालच्या एका जर्मन मुलाच्या गोष्टीनें होतो. बापानें आत्महत्या केल्यावर त्या मुलाच्या मनाची झालेली अवस्था हृदयद्रावक आहे खरी. पण तो बाप नाझी होता. ज्यू मुलगा या पुस्तकांत भेटतो तो बहुधा छायाचित्रांत, आणि तोहि मरणाच्या वाटेवर. त्याचें घर, त्याची शाळा, त्याची यिद्दिश यांचा पत्ता नाहीं. वस्त्यांत कोंडलेल्या ज्यूंनीं रोजनिशा लिहिल्या व दप्तरें जतन केलीं, असा उल्लेख अखेरीस आहे; पण तो दोन ओळींत उरकला आहे. इतिहाससंशोधकांस तरी हा भाग इतका लहान वाटूं नये. वॉर्सा येथें इमॅन्युएल रिंगेलब्लुम या इतिहासकारानें कोंडवाड्यांतच एक गुप्त मंडळ स्थापिलें. त्यानें सरकारी हुकूम, पत्रें, शिधापत्रिका, निबंध असें हातीं लागेल तें गोळा केलें. ऑगस्ट 1942 मध्यें, माणसांच्या आगगाड्या मृत्युछावणीकडे चालल्या असतां, एक शाळाशिक्षक व विशीच्या आंतील दोन तरुण यांनीं त्या संग्रहाचा पहिला भाग दहा धातूच्या पेट्यांत भरून एका शाळेच्या इमारतीखालीं पुरला, व वर आपआपलें मृत्युपत्र ठेविलें. स्वतः रिंगेलब्लुम 1944 सालीं मारला गेला. त्या पेट्या सप्टेंबर 1946 मध्यें व दुधाच्या दोन बरण्यांतील दुसरा भाग डिसेंबर 1950 मध्यें सांपडला. तिसरा भाग अद्यापि सांपडलेला नाहीं.