हृद्रोगाचे भाकीत : एका कोष्टकाचे परीक्षण

हृद्रोगाचा संभव एका लक्षणावरून ठरत नाही. वय, रक्तदाब, व्यसन अशा भिन्न स्वरूपाच्या नोंदी एकत्र तोलाव्या लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दक्षिण आशियासह एकवीस विभागांसाठी दहा वर्षांतील धोक्याची कोष्टके सिद्ध केली. त्यांपैकी एका प्रकारात रक्तातील कोलेस्टेरॉल व मधुमेह यांऐवजी शरीरभारांक घेतला आहे. रक्ततपासणीवाचून चालणारे हे कोष्टक धुळे-जळगावकडील खेड्यांस सोयीचे, हा त्याचा गुण निर्विवाद होय.

तथापि सोय म्हणजे प्रामाण्य नव्हे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. शरीरभारांक दोघांचाही २२.३, चरबी मात्र युडकिनांच्या अंगी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगी २१.२ टक्के! सडपातळ खानदेशी शेतकऱ्यास हे कोष्टक अकारण निर्धास्त करण्याचा संभव आहे, तो यामुळेच.

दुसरे न्यून तंबाखूचे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखू सेवन करणारे २४.४ टक्के आढळले. चघळण्याच्या तंबाखूनेही हृदयविकाराचा धोका वाढतो. कोष्टक विचारते ते केवळ धूम्रपानाविषयी.

सारांश, नोंदींची नुसती बेरीज म्हणजे भाकीत नव्हे. कंबरेचा घेर आणि गुटखा-तंबाखूचे सेवन आशा सेविकांच्या तक्त्यात नोंदले जातेच. त्याची कोष्टकाशी सांगड घालून, प्रत्यक्षात कोणास झटका आला हे खानदेशातच पडताळणे अगत्याचे आहे. त्यावाचून या आकड्यांवर रुग्णाने विसंबावे, असे म्हणता येत नाही.