तृतीया प्रकृति आणि प्रथम पुरुष

वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९८ सालीं. पण गांव फार जुनें. वत्सगुल्म या नांवानें तें वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतें, आणि वात्स्यायनाच्या कामसूत्रांत तेथील अंतःपुराच्या एका चालीचा उल्लेख आहे. त्याच ग्रंथांत, अन्य प्रकरणीं, ‘तृतीया प्रकृति’ व तिचे स्त्रीरूपिणी आणि पुरुषरूपिणी हे दोन भेद वर्णिले आहेत. आमचे पूर्वज या विषयास अनभिज्ञ नव्हते, एवढें यावरून सिद्ध होतें. मात्र तो काळ उदार होता असें अनुमान काढणें उतावीळपणाचें होईल. तेथें शास्त्रकार बोलतो. जिचें वर्णन होतें ती बोलत नाहीं.

मराठी वाङ्मयासही हाच प्रश्न विचारावा असें आम्हांस वाटतें. १९३४ सालीं र. धों. कर्वे यांच्यावर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकांतील मजकुराबद्दल खटला झाला. समलिंगी संबंधांसारख्या विषयांवरील वाचकांच्या प्रश्नांस त्यांनीं उत्तरें दिलीं, हा अपराध! डॉ. आंबेडकरांनीं वकीलपत्र घेतलें, तरी निकाल विरुद्ध गेला.

पुढें १९८१ सालीं विजय तेंडुलकरांचें ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आलें. मित्रा ही करारी नायिका; पण तिची गोष्ट सांगतो बापू, आणि शेवटीं ती आत्मघात करते. नाटक प्रामाणिक आहे यांत शंका नाहीं. तथापि नायिका मेल्यावांचून तिजविषयीं कणव उपजूं नये, हें त्या काळच्या प्रेक्षकाचें माप होय.

सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरींत तनय आणि अनुजा हीं भावंडें घरीं राहावयास आलेल्या एकाच तरुणावर प्रेम करतात, आणि आपापली कथा स्वतःच सांगतात. लेखकाची खरी मर्मदृष्टि येथें दिसते: अनुजाच्या दुःखापायीं सारें घर हवालदिल होतें, तनयचें दुःख त्याच घरांत असून कोणास दिसत नाहीं. पुढें लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ (२०१२) या आत्मकथनाच्या नांवांतच ‘मी’ दोनदां आला.

सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं तृतीयपंथीयांस मान्यता दिली, २०१८ सालीं प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध अपराधांतून वगळले; २०२३ सालीं मात्र समलिंगी विवाहाचा हक्क मानला नाहीं. पण न्यायालयाचा हुकूम माजघरांत चालत नाहीं. वाशीमसारख्या गांवीं मुलासाठीं स्थळें पाहणाऱ्या आईबापांसमोर एखादा तनय आजही मुकाट्यानें बसलेला असेल. त्यास शब्द आतां वाङ्मयानें दिले आहेत. ऐकणारे कान आपणां वाचकांनींच द्यावयाचे आहेत.